मोटर जाळल्याचा आळ

किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, बाजारामागच्या दुकानात झूराकान एजे लग्नाचे, सुंतेचे मोठाले बॅनर छापायची. आम्ही सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचो. हिवाळा लागला आणि तिचं मशीन मध्येच थांबायला लागलं. पडद्यावर मोटर बिघडल्याची खूण यायची आणि अर्धा बॅनर वाया जायचा.

मामात नावाचा आमचा मालक गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "मोटर जाळलीस ना! हाताला वळणच नाही तुझ्या!"

मी बॅनर कापत होतो. माझ्याच अंगाची आग झाली. एजेने मशीन बंद करून मोटरवर सरकणारं छपाईचं डोकं हाताने सरकवलं. ते अलगद सरकलं, कुठेच अडकलं नाही. मग तिने मीटर लावून विजेचा दाब पाहिला. तो ठीक होता. तेवढ्यात मालकाने आपल्या खोलीतली विजेची शेगडी लावली आणि आकडा धाडकन खाली आला.

एजेने तरातरा आत जाऊन शेगडीचा प्लग उपटला.

"मोटर धडधाकट आहे, मामातभाऊ. तुमची शेगडी तिची वीज खातेय. आता याच लोकांसमोर म्हणा, माझं चुकलं."

"मालक मी आहे की तू?"

"अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेव!" बॅनरसाठी थांबलेली म्हातारी म्हणाली.

एजेने म्हातारीचा बॅनर छापून दिला, कोट चढवला आणि ती कायमची गेली. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात लागली. पाठोपाठ मीही गेलो. मालकाने शेगडीला वेगळी वायर ओढून घेतली, तरी अजून सगळ्यांना सांगतो, "त्या बाईने जाळलेली मोटर मी दुरुस्त केली."

ऐकलं की माझं डोकंच फिरतं.