अडीअडचणीला ठेवलेली गाडी

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे काटेवाले म्हणतात. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर दुरुस्त करून द्यायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा. पितळी वजनं एका पेटीत, प्रत्येकाला वेगळा खण, आणि हात लावायचा तो मऊ फडक्यानेच. एखादा दुकानदार "जाऊ द्या हो, केसभर तर फरक आहे" म्हणाला की ह्यांचा चेहरा असा होतो, जणू त्याने शिवीच हासडली. कामात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी चारचौघांत सांगेन. पण तोच काटा घेऊन घरात वावरतात ना, तिथे माझं डोकं फिरतं.

तर अशा माणसाने गाडी घेतली. विजेवर चालणारी, इवलीशी, दोन दारांची. मागे कुणाला बसवायचं तर आधी त्याची घडी घालावी लागेल. घ्यायचं कारण एकच होतं आणि ते माझं होतं. बाबा गेल्यावर दादाने आईला आपल्याकडे नेलं, डोंगरापलीकडे. मला बस सोसत नाही. घाटातलं पहिलं वळण आलं की पोटातलं सगळं वर येतं आणि पोचल्यावर मी दिवसभर आडवी. आईला भेटायला जायचं आणि आईनेच माझं डोकं चेपत बसायचं, याला काय अर्थ आहे? मोटारीत पुढच्या सीटवर बसलं, काच थोडी खाली केली, की काही होत नाही. म्हणून गाडी. "आता मनात आलं की निघायचं," हे म्हणाले होते. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते; खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसालाही मी आमची गाडी सांगत सुटले होते. वेडीच मी.

गाडीबरोबर एक पुस्तिका आली. मी सासूबाईंना तोंड देत संसार केला, पण त्या पुस्तिकेने मला जेवढं छळलं तेवढं त्यांनी नाही. बॅटरी काठोकाठ भरू नये, असं तिच्यात लिहिलंय. पार उतरू देऊ नये, असंही लिहिलंय. म्हणजे वरचं वापरायचं नाही, खालचं वापरायचं नाही. उरलं मधलं. आणि त्या मधल्यातूनही ह्यांनी एक हिस्सा बाजूला काढला.

"तो कशाला?" मी विचारलं.

"अडीअडचणीला असू द्यावा."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडायची, ती तळमजल्यावरच्या काकूंच्या दोरीला चुकवत गाडीपर्यंत न्यायची. काकूंचं रोज एक गाऱ्हाणं: आज वायर टॉवेलला लागली, उद्या कुंडीत पडली. गाडी चार्जिंगला असली की कपड्यांचं मशीन लावायचं नाही, इस्त्री लावायची नाही, नाहीतर सगळ्या घराचा फ्यूज उडतो. गाडीचं पोट भरेस्तोवर आम्ही चुरगळलेल्या कपड्यांत. आणि एवढं खाऊन ती करते काय? तर दारात उभी राहते. एसी लावला की बॅटरी खाते, रेडिओ लावला की खाते. पाऊस भुरभुरत असला तर हे वायपर एकदा फिरवतात आणि मग मान लांब करून, काचेतून जेवढं दिसेल तेवढ्यावर चालवतात. मी जीव मुठीत धरून शेजारी.

माणूस वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. पण दुकानातून सुटायला मला उशीर झाला की बाहेर गाडी घेऊन हजर. माझ्या गुडघ्याला लागू नये म्हणून पुढची सीट स्वतः मागे सरकवून ठेवतात. एवढी काळजी करतील, फक्त आईकडे नेणार नाहीत. थंडीत म्हणे बॅटरी आखडते, उन्हात म्हणे तापते, आणि मधल्या दिवसांत ह्यांना काट्यांची कामं.

आईचा फोन दर रविवारी यायचा. "कधी येतेस गं?" मी म्हणायची, येते लवकर. मग ती गुडघ्याचं विचारायची. मग पुन्हा गुडघ्याचं. एकदा तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदाही नीट सांगितलं.

एकदा निघालो होतो, तेही ऐका. मी पहाटे उठून आईसाठी नवी मऊ चादर, पायमोजे, असं सगळं भरलं. घाटाच्या अलीकडे एक पेट्रोल पंप आहे, तिथे चार्जिंगचं मशीन आहे. गाडीत तेव्हा भरपूर शिल्लक होती, मला दिसत होतं समोर. पण हे थांबले. मशीनवर कागद चिकटवलेला: बंद आहे.

"बंद तर बंद. आपल्याकडे आहे की!" मी म्हणाले.

"पुढे चढ आहे. चढाला किती खाईल सांगता येत नाही."

"उतारावर वीज परत मिळते ना? तुम्हीच तर सगळ्यांना सांगता!"

"मिळते म्हणतात," हे म्हणाले, "म्हणतात."

आणि गाडी वळवली. अहो, खरंच वळवली! परतीच्या वाटेवर मी सगळा वेळ रडत होते. ह्यांना वाटलं मला मळमळतंय. "काच खाली करू का?" म्हणाले, "थोडीशीच करतो, वाऱ्याने चार्जिंग जास्त जातं."

त्यानंतर वहिनीचा फोन आला. वहिनी उगाच घाबरवणारी नाही. "ताई, आई काल मला विचारत होत्या, तू कुणाची गं? तुमच्या दादांना ओळखतात अजून. तुमचं नाव तर रोज घेतात. पण आता फार थांबू नका, येऊन जा."

फोन ठेवला आणि मी ह्यांना सांगितलं. ऐकून हेही हलले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आईने ह्यांचे लाड काही कमी केलेले नाहीत. मला वाटलं, आता तरी निघतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी कपडे करून बाहेर पडलेसुद्धा. संध्याकाळी घरी आले, तेव्हा कळलं कुठे गेले होते. त्या पंपावर! मशीन दुरुस्त झालं का बघायला! आणि गेले कसे? बसने!

"बसने?" मी ओरडलेच. "पुढे अजून तेवढंच गेला असतात तर आईचं घर आलं असतं!"

"पण तू नव्हतीस ना बरोबर," हे शांतपणे म्हणाले. "मशीनचा एक भाग यायचाय. आठवड्याभरात लावतील म्हणाला पंपवाला."

या माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं, दुसरं काय? आठवडा गेला, दुसरा गेला. मशीनचा भाग काही येईना. आईचा रविवारचा फोनही येईनासा झाला. मी केला तर वहिनी म्हणायची, आई झोपल्यात. दरवेळी झोपलेल्या कशा असतील?

मग एका रविवारी मी चहाचा कप तसाच ठेवला, पिशवी उचलली, खाली गेले आणि गाडीची वायर स्वतःच्या हाताने उपटली. आत बसले, पट्टा लावला. हे खिडकीतून ओरडायला लागले, "अगं, अजून भरायचीय!" काकू बाहेर येऊन बघायला लागल्या. बघू देत.

"मी उतरणार नाही," मी खालूनच सांगितलं. "जिथे बंद पडेल तिथून मी ढकलत नेईन. तुम्ही येता की मी इथेच बसून राहू?"

आले. पायात वेगवेगळ्या चपला घालून आले. पंप आला, मशीनवरचा कागद तसाच होता, आणि मी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. चढ लागला. हे स्टीअरिंगला असे चिकटले होते की जणू तेच गाडी ओढतायत. माथा आला, उतार लागला, आणि बॅटरीचा आकडा वर चढायला लागला. खरंच! हे हरखून गेले. "बघ, बघ, वाढतेय!" दर वळणाला मला आकडा वाचून दाखवत होते.

दादाच्या दारात गाडी थांबली. हे वळून म्हणाले, "अर्ध्याहून जास्त उरलीय! ह्यात तर आपण परतसुद्धा जाऊ!" किती आनंद त्यांच्या तोंडावर. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की हात उगारला जाऊ नये म्हणून मी दोन्ही हातांनी पिशवी धरली. इतकं सोपं होतं. वर्षभर इतकंच सोपं होतं.

दादा बाहेर गेला होता. दार वहिनीने उघडलं. आई खिडकीशी खुर्चीत बसून हातरुमालांच्या घड्या घालत होती. बारीक झाली होती, पण केस नीट विंचरलेले. मी समोर जाऊन उभी राहिले. तिने वर बघितलं, हसली, आणि म्हणाली, "बसा ना."

बसा. मला. जन्मभर जिने मला कार्टे म्हणून हाक मारली, ती मला अहो-जाहो करत होती.

"आई, ओळखलंत ना कोण आलंय?" वहिनी म्हणाली.

"हो तर," आई म्हणाली. पण तो नुसता शिष्टाचार होता, मला कळलं. मी शेजारच्या स्टुलावर बसले. तिने थोडे रुमाल माझ्यापुढे सरकवले. मीही घड्या घालायला लागले.

तेवढ्यात गाडी सावलीत लावून हे आत आले. आईने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई! जावईबापू! या, या!" मग तिने त्यांच्या मागे दाराकडे बघितलं. "हे काय, एकटेच? माझ्या लेकीला नाही आणलंत?"

हे जागच्या जागी थिजले. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. केसभर फरक ज्यांना चालत नाही, त्यांना हे कुठे मोजावं कळेना.

"आणतो," शेवटी पुटपुटले. "पुढच्या वेळी नक्की आणतो."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?" माझा आवाज चढलाच. वहिनी दचकली.

आई मात्र माझ्याकडे वळली. खूश झाली होती. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ह्यांना म्हणाली, "बघा. या बाईसुद्धा तेच विचारतायत."

आणि उत्तरासाठी आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत बसलो.