दोन दिवसांत नऊ टक्के

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदापुरात आमच्या गल्लीत घरी संगणक असलेलं आमचं एकच घर होतं, आणि तो संगणक माझा होता. हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा ते कुणाच्या गळी उतरत नव्हतं. मी कॉलेजात गणित शिकवत होते, माझ्याच पगारातून तो घेतला होता. पण बारामतीच्या ज्या दुकानदाराकडून घेतला, तो पावतीसुद्धा माझ्या नवऱ्याच्या हातात द्यायचा. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर नवऱ्याकडं बघून यायचं.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मस्कतला नोकरी लागली. जायच्या आधी त्यानं एकच वस्तू मागितली, आईच्या निरोप समारंभाची कॅसेट. आई निमगाव केतकीच्या शाळेत शिक्षिका होती. दर चौदा एप्रिलला भाषण करायचे ते वडील. आई खाली बायकांत बसून ऐकायची. पण निवृत्तीच्या दिवशी तिनं माइक हातात घेतला आणि वीस मिनिटं बोलली. पहिल्या रांगेतले वडील तिच्याकडं असे बघत होते, जणू ही कोण बाई हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. हे सगळं त्या कॅसेटमध्ये होतं.

मस्कतला कंपनीच्या खोलीवर व्हीसीआर नव्हता, टीव्हीला जोडलेला सीडी प्लेअर होता म्हणे. म्हणून मी म्हटलं, मी सीडी करून देते. माझ्या संगणकात व्हीसीआर जोडता येईल असं टीव्ही कार्ड होतं. त्यातून कॅसेट आत उतरवली, ते जमलं. आता ती फाइल सीडी प्लेअरला कळेल अशा रूपात बदलायची होती. संपूर्ण समारंभ पन्नास मिनिटांचा. बटण दाबलं आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी आले तर दोन टक्के.

दोन दिवसांनी नऊ टक्के झाले आणि लाईट गेली. आल्यावर पुन्हा शून्य.

आई गावाहून आली होती. ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायची. "आगं, आजून तितंच हाय का गं?"

"हो."

"मग मी बोलले त्येच्यापेक्षा जास्त येळ ह्यो ऐकायलाच घेतोय की."

ती हसायची, मला हसू येत नव्हतं. भाऊ रविवारी निघणार होता आणि हातात अकरा दिवस होते. मी पडद्यावरची चित्रं काढली, घड्याळ काढलं, मुलांचे खेळ पुसून टाकले. मुलं रडली, तरी पुसले. हार्ड डिस्क साफ केली. त्यात एक अख्खा दिवस गेला आणि वेग तसूभरही वाढला नाही. दुकानदाराला फोन केला.

"वहिनी, ते घरच्या मशीनचं काम नाही. कॅसेट पाठवून द्या साहेबांबरोबर, मी करून देतो. उगं डोकं लावू नका."

मी फोन ठेवून दिला. डोकं लावणं हाच माझा धंदा होता. त्यानं मला स्वयंपाकघरात परत पाठवल्यासारखं वाटलं, आणि त्या रागानंच पुढची वाट दाखवली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या संगणकासारखाच, त्याच प्रोसेसरचा संगणक होता. समारंभाचा दहा सेकंदांचा तुकडा सात-आठ फ्लॉप्यांवर तोडून तिथं नेला, रूप बदलणारा तोच प्रोग्रॅम दोन्हीकडं चालवला आणि हातात घड्याळ धरलं. कॉलेजात दोन मिनिटं लागली. घरी पावणेदोन तास. अख्खी फाइल तिथल्या डिस्कवर मावत नव्हती, नाहीतर तिथंच केलं असतं. म्हणजे काम अवघड नव्हतं, माझ्याच यंत्रात काहीतरी खोट होती. मग दोन्ही संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर जी यादी क्षणभर दिसते, ती ओळ न् ओळ उतरवून घेतली. सगळं सारखं. फक्त कॅशेपुढं कॉलेजात पाचशे बारा होतं आणि घरी काहीच नाही.

कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेला छोटा कप्पा. तो बंद असेल तर प्रत्येक आकड्यासाठी लांबच्या मेमरीपर्यंत हेलपाटा. फोडणी देताना मिसळणाचा डबा ओट्यावर नसावा आणि दर चिमटीला शेजारणीकडं जावं, तसं. मी सेटिंगच्या पानात शिरले. आतला कॅशे बंद, बाहेरचाही बंद. हे आपोआप होत नाही. कुणीतरी बोटानं केलं होतं.

नवरा लोणी देवकरच्या कारखान्यातून आला. मी दारातच विचारलं, "अहो, दिवाळीत मशीन मधेच बंद पडायचं म्हणून तुम्ही बारामतीला नेलं होतं. त्यानं काय केलं होतं?"

"काहीतरी सेटिंग बंद केली म्हणाला. थोडं स्लो होईल, पण अडकणार नाही."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तुला काय सांगायचं त्यात? चालत होतं ना?"

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आई आतल्या खोलीत होती, तिनं दार लोटून घेतलं, एवढं सांगते. पाच महिने मी त्या यंत्रापुढं बसून स्वतःला मूर्ख समजत होते. मुलांना रागावत होते, त्यांचे खेळ पुसले होते. आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवत होता.

कॅशे चालू केले. आकडे भराभर पळायला लागले, मी टाळ्या वाजवल्या, पण वीस मिनिटांत पडदा गोठला. हाच तो दिवाळीचा आजार. मी संगणकाचा डबा उघडला. प्रोसेसरवरचा पंखा धुळीनं भरून घट्ट बसला होता, फिरतच नव्हता. बोटानं ढकलला तरी हलेना. नुसत्या उष्णतेनं यंत्र बंद पडत होतं, आणि पंखा बदलायचं सोडून त्यानं कॅशे बंद करून यंत्राचेच पाय बांधून ठेवले होते, सावकाश चाललं की तापणार नाही म्हणून.

हे कळेपर्यंत शुक्रवार उजाडला होता. इंदापुरात तो पंखा मिळेना. मी डबा उघडाच ठेवला, घरातला टेबल फॅन समोर आणून लावला आणि शनिवारी सकाळी आठला पुन्हा बटण दाबलं. घरातली माणसं घामानं निथळत होती, वारा यंत्राला. संध्याकाळी साडेसहाला काम पुरं झालं. पण सीडी लिहायचं यंत्र बारामतीतच होतं, तेही त्या दुकानदाराकडंच. शनिवारी पोचेपर्यंत दुकान मिटलं असतं, आणि रविवारी ते बंद. भाऊ रविवारी सकाळच्या एसटीनं मुंबईला गेला. रिकाम्या हातानं.

सोमवारी मी हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन एसटीनं बारामती गाठली. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"साहेब नाही आले?" दुकानदार म्हणाला.

"माझ्या मशीनचे कॅशे तुम्ही बंद केले होते?"

"मॅडम, ते हँग होत होतं. मी हँग व्हायचं थांबवलं. कस्टमरला तेवढंच पाहिजे असतं."

"पंखा फिरत नव्हता, तो बघितला नाही?"

त्यानं हार्ड डिस्क पुढ्यात ओढून घेतली. मग म्हणाला, "पंखा त्या वेळी स्टॉकला नव्हता."

म्हणजे त्याला माहीत होतं. मला वाटलं होतं, अडाणीपणा असेल. ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. मी गिऱ्हाइकांकडं वळले आणि काय झालं ते वर्गात सांगावं तसं पहिल्यापासून, सावकाश सांगितलं. दोघं जण उठून गेले. त्यानं निमूटपणे सीडी लिहून दिली. ती होईपर्यंत मी उभीच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाही.

ती सीडी मस्कतला पोचायला अडीच महिने लागले, त्याच्या कंपनीतला एक माणूस सुट्टी संपवून परत निघाला तेव्हा. भावाचा फोन आला. तिथं पहिले दोन महिने त्याला फार जड गेले होते, दोनदा परत यायचं ठरवलं होतं, हे तेव्हा त्यानं सांगितलं. सीडी लागली तेव्हा खोलीतल्या केरळच्या पोरांनीही आईचं भाषण बसून ऐकलं, एक शब्द न कळता.

"त्येंना काय कळलं आसंल?" आई म्हणाली, पण तिला बरं वाटलं होतं.

नवरा शेजारीच उभा होता. म्हणाला, "झालं ना शेवटी काम?"

झालं. पण ते अडीच महिने माझ्या भावानं एकट्यानं काढले, आणि त्याबद्दल मी त्या दोघांनाही अजून माफ केलेलं नाही.