कोणती वाइन, ते बायकोला विचारा

नम्रता तांबे परळच्या वाइन शॉपमध्ये लागली ती हिशेब लिहायला. नाव वाइन शॉप, पण खप सगळा बिअर-व्हिस्कीचा. मग गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहिले, तिथली माणसं खरोखरच वाइन मागू लागली आणि काउंटरवर कुणालाच काही सांगता येईना. मालकांनी नम्रताला ट्रेनिंगला धाडलं. तिथे घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "थुंकलीस ना नक्की?" बुद्धविहारात कुणी चौकशी केली, तर सून सुपरमार्केटमध्ये आहे, असं त्या आजही सांगतात.

ट्रेनिंगमधून तिने एक सोपी पद्धत उचलली. नावांच्या भानगडीत पडायचं नाही. आंबट चालतं की गोड, हलकी हवी की जीभ आवळणारी, जेवायला काय आहे, मूड कसला आहे, एवढंच विचारायचं. पद्धत चांगली होती, गिऱ्हाइकं तशी नव्हती. "मूड काय मॅडम, शनिवार आहे," असली उत्तरं ऐकून तिचं डोकं फिरायचं.

लालबागचा हितेंद्र त्यातलाच. "लग्नाचा वाढदिवस आहे, बायकोसाठी काहीतरी द्या," म्हणाला. घरी सुरमई तळणार हे कळल्यावर नम्रताने आंबटसर, थंड करून प्यायची व्हाइट दिली. आठवड्याने तो परत हजर.

"चिंचेचं पाणी दिलंत. बायकोला नाही आवडली."

तिने गोड दिली. ती त्याला खोकल्याच्या औषधासारखी लागली. मग रेड दिली, तर तोंडाला कच्ची सुपारी खाल्ल्यासारखं झालं.

"पण त्यांना आवडतं काय?" नम्रताने विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं ना. एक्स्पर्ट तुम्ही."

"साहेब, मी तुमच्या बायकोला पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांना घेऊन या, नाहीतर बिअर न्या."

आणि तो खरंच बायकोला, प्रितीला, घेऊन आला, तेही ऐन गर्दीच्या वेळी. नम्रताने विचारायला सुरुवात केली, तर उत्तरं हाच देऊ लागला.

"तिला आंबट नको."

"मला आंबटच आवडतं," प्रिती म्हणाली. "ती पहिली बाटली छान होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तिच्यात बर्फ आणि सोडा घातलास, एका दमात ग्लास संपवलास, वर तोंड वाकडं केलंस. मला विचारलंस कधी?"

"चेहऱ्यावरून वाटलं."

"चेहरा तुझ्याकडे बघून तसा झाला होता."

मागची रांग हसू लागली. नम्रताला मात्र हसू येईना. तीन बाटल्यांसाठी आपण ज्याचं ऐकून घेतलं, त्याने बायकोला एकदाही विचारलं नव्हतं. तिने पहिली व्हाइट काढून प्रितीच्या हातात दिली आणि हितेंद्रसमोर बिअरचे दोन कॅन ठेवले.

"यात सोडा घाला, काय वाटेल ते घाला. यांच्या ग्लासाला हात लावू नका."

आता प्रिती अधूनमधून येते आणि एकटीच आत शिरते. कधी तीच बाटली नेते, कधी दुसरी, आणि कशी लागली ते येऊन नीट सांगते. असं गिऱ्हाईक नम्रताला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं. हितेंद्र बाहेर फुटपाथवर थांबतो आणि आत बायकोला फोन करून विचारतो, किती वेळ लागेल. प्रिती फोन कापते. मग तो दुकानाच्या नंबरवर करतो.