ओव्हरसियरकाकांचं निळं कापड

साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात माणसाचं तोंड बघण्याआधी त्याची पाटलोण बघणारा एकच गृहस्थ होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. रस्ते-पुलांच्या खात्यात ते ओव्हरसियर होते. आळीतले आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. दगड, चुना आणि वाळू पारखण्यात त्यांची उमर गेली होती, आणि तीच कसोटी ते कापडालाही लावत. कोटा-पाटलोणीच्या कापडाचा नवा तुकडा हाती आला की आधी तो धुऊन गिरणीची खळ काढायची, मग उन्हासमोर धरून वीण बघायची, मग तेराचा पाढा संपेपर्यंत मुठीत आवळून सुरकुत्या किती पडतात ते पाहायचं आणि शेवटी अंगणातल्या चिऱ्यावर शंभर वेळा घासायचं. एवढ्यातून जे वाचेल ते पडवीत टांगून अख्खा पावसाळा खाऱ्या, दमट हवेत ठेवायचं. प्रत्येक तुकड्याला त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी असे. ड्रिलवर ‘मजबूत, पण आटते’, अल्पाकावर ‘काखेत विरते’, आणि एका महागड्या विलायती कापडावर ‘दिसायला साहेब, स्वभावाने गोणपाट’. नवा पोस्टमन ती रांग बघून, घरात शिंपी कधी भेटेल, असं विचारून गेला होता.

मुंबईची आगबोट यायच्या दिवशी काका बंदरावर हमखास असत. त्यांचं कोणी येणार नसे. पडावातून उतरणाऱ्या माणसाची बाही चिमटीत धरून ते गंभीरपणे विचारत, “किती वर्षं झाली याला? घाम टिपतं का?” एका व्यापाऱ्याला ते जकातीचे अधिकारी वाटले आणि त्याने घाबरून वळकटीतली अत्तराची बाटली आपणहून काढून दाखवली. काकांनी बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “ती ठेवा हो,” ते म्हणाले, “कोटाचं अस्तर दाखवा.” एकदा शाळेच्या बक्षीस समारंभात, ऐन एप्रिलात, जाड लोकरी सर्जचा सूट घालून आलेले पाहुणे भाषण करता करता खाली बसले ते उठेनात. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा. काकांनी मात्र पुढे होऊन त्यांची बटणं सोडली आणि जमलेल्यांना सांगितलं, “माणूस ठणठणीत आहे. कोट काढा, म्हणजे बोलेल.” आणि पाहुणे खरंच बोलले.

माझं आणि त्यांचं भांडण रोजचं. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. माझ्या हाती अक्षरं आली ती चळवळीच्या पत्रकांतून, आणि विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहू लागलो होतो. विलायती कापड अंगावर घालणाऱ्याशी बोलताना माझा आवाज आपोआप सभेतल्यासारखा चढे. काका माझ्या खादीच्या सदऱ्याची कड चोळत शांतपणे ऐकून घेत. “मेल्या, तुझी खादी देशाला चांगलीच आहे,” ते म्हणत, “पण चिऱ्याच्या खाणीत मी उतरतो ना, तेव्हा जमिनीला देश टेकत नाही, माझा गुडघा टेकतो.” मी चिडून उठलो की ते मागून हाक मारत, “रागावलास तरी चहा घेऊन जा रे.”

त्यांची एकुलती मुलगी यमू. तिचं लग्न देवरूखच्या एका वकिलांच्या मुलाशी ठरलं. मुलगा मुंबईला एका कचेरीत होता. वैशाखातला मुहूर्त होता आणि वरपक्षाची मागणी एकच: नवरदेवाला निळा विलायती सर्जचा सूट हवा. काकांनी मागणीचं ते पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “वैशाखात, होमासमोर, सर्ज?” ते मला म्हणाले. “पोर भाजून निघेल रे. नंतर मुंबईच्या उकाड्यातही तोच घालील हौसेनं. नाही, याला काहीतरी शोधायला हवं.”

तो सगळा हिवाळा त्यांनी शोधण्यात घालवला. मुंबईच्या दुकानांना पत्रं लिहिली, नमुने मागवले, चिऱ्यावर घासून घासून बोटांची सालटी काढून घेतली. माघाच्या सुमारास एक दिवस त्यांनी मला अंगणात बोलावलं. हातात गडद निळ्या कापडाचा वीतभर तुकडा होता. “देशी गिरणीचं आहे,” ते म्हणाले. त्यांचे डोळे चकाकत होते. “याचा एक तुकडा देवरूखला पाठवलाय. म्हटलं, सर्ज नको, हे बघा.”

मी त्यापुढचं नीट ऐकलंच नाही. देशी गिरणी, आणि विलायतीला नकार, एवढेच शब्द माझ्या डोक्यात शिरले. दुसऱ्याच दिवशी मी पत्रक लिहून छापखान्यात दिलं. ‘रत्नागिरीच्या एका स्वाभिमानी पित्याने विलायती चिंध्यांसाठी हात पसरणाऱ्या वरपक्षाला ठणकावून नकार दिला आहे,’ अशी त्याची सुरुवात होती; कापडाविषयी ‘देशी’ एवढा एकच शब्द होता. कोणाचंही नाव घातलं नव्हतं, आणि या सभ्यतेचा मला अभिमानही वाटला होता. गठ्ठा काखोटीला मारून मी स्वतः देवरूखच्या बाजारात गेलो आणि संध्याकाळपर्यंत वाटला. नाव नसलं म्हणून काय झालं? लग्नाच्या सुटावरून पत्रव्यवहार करणारा माणूस जिल्ह्यात दुसरा कोण असणार?

आठवड्याने काकांना देवरूखहून पाकीट आलं. आत त्यांचा निळा तुकडा आणि त्याला टाचणीने लावलेलं माझं पत्रक. दुसरी ओळ नाही. काकांनी मला बोलावून पत्रक माझ्या हातात दिलं. “वाच,” ते म्हणाले. “मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. आतल्या दारात यमू उभी होती.

“भाषा चांगली आहे,” काका म्हणाले. “पण त्यांनी हात पसरला नव्हता रे. चोवीस वर्षांच्या मुलाला निळा सूट घालावासा वाटला. आणि मीही ठणकावलं नव्हतं. त्यांना पटत आलं होतं. गेल्याच सोमवारी पत्र आलं होतं त्यांचं. मुलाला कापड पसंत आहे, मापं पाठवतो, म्हणून.”

“मला कुठं ठाऊक होतं, काका?”

“तू विचारलं कुठं होतंस?”

मी त्याच दिवशी देवरूखला गेलो. वकिलांनी मला ओसरीवर बसवलं, पाणीही दिलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, “इथं कोपऱ्यात मागून काय उपयोग? बाजारातला भाजीवाला माझ्याकडे बघून हसतो. पत्रक काढलंत ना? तसंच माफीचंही काढा. मग बघू.”

मी ते काढलं नाही. असं पत्रक निघालं तर चळवळीचं हसं होईल, विलायतीवाल्यांना आयतं कोलीत मिळेल, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि परत आलो. काकांना मात्र एवढंच सांगितलं की वकील ऐकायला तयार नाहीत. ते फक्त “बरं” म्हणाले. वैशाखात त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट गावोगाव पोहोचली होती. पुढच्या दोन वर्षांत काका यमूसाठी जिथं जिथं गेले तिथं त्यांना गूळपाणी मिळालं आणि नकार मिळाला. बंदरावर जाणं त्यांनी सोडलं. पडवीतले तुकडे एक दिवस दिसेनासे झाले. बंदरावरच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल; आळी मात्र मुकी झाली. परवाच्या श्रावणात चार दिवसांच्या तापानं काका गेले. माझ्याशी ते शेवटपर्यंत बोलत होते, चहाही देत होते, आणि खरी गोष्ट मी त्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही.

यमू आता मुलींच्या शाळेत शिकवते. गेल्या आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं: वकील काय म्हणाले होते, आणि मी काय केलं नाही. ती वह्या तपासत होती. तांबडी पेन्सिल तिने खाली ठेवली.

“मी आता छापतो,” मी म्हणालो. “माझं नाव घालून.”

“आता छापून काय होणार, दादा?” ती म्हणाली. तिने पेन्सिल पुन्हा उचलली. “पण छापा. फक्त कापडाविषयी नीट लिहा. मागच्या वेळी तुम्ही त्याला नुसतं देशी म्हणालात. बाबांना त्याचंच जास्त लागलं होतं.”

म्हणून लिहितो. ते कापड गडद निळं होतं, तिन्हीसांजेच्या समुद्रासारखं. बारीक सुताला पीळ घट्ट होता, म्हणून मुठीतून सुटल्यावर एक सुरकुती राहत नसे. वीण मोकळी होती, म्हणून ऐन वैशाखातही त्यातून वारा खेळला असता. लांबून ते हुबेहूब सर्ज दिसे. वजनाला ते ओंजळभर पाण्याहून जड नव्हतं. एका तरुण मुलाची हौस पुरी व्हावी आणि त्याला उकडूही नये, एवढ्याचसाठी एका माणसाने ते चार महिने शोधलं होतं. ते वीस वर्षं सहज टिकलं असतं.