मामांचं जादा कार्ड

आमच्या हिच्या मामांइतका पडून राहिलेल्या वस्तूंचा कैवारी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मामा नौपाड्यात एकटे राहतात, लग्न केलेलं नाही, पंचाहत्तरी उलटली आहे आणि घरात प्रत्येक गोष्ट दोन आहे. दोन घड्याळं, दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन कुकर. एक बिघडली तर अडायला नको म्हणून दुसरी. इथवर ठीक, पुष्कळांकडे असतं. पण जादा वस्तू नुसती पडून राहिली की ती रुसते आणि ऐन वेळी दगा देते, असं मामांचं ठाम मत आहे. त्यामुळे तिलाही त्यांच्याकडे नेमाने काम मिळतं. सोमवारी दुसरं घड्याळ, गुरुवारी रखरखीत उन्हातसुद्धा दुसरी छत्री. दातांच्या कवळ्याही दोन असून दुसरी जरा सैल आहे, तिचा वार बुधवार. बुधवारी मामांचा फोन आला की आम्ही नुसतं ‘हो, हो’ म्हणतो आणि गुरुवारी फोन करून काल काय म्हणत होतात ते विचारून घेतो. एवढंच कशाला, डॉक्टरसुद्धा जादा आहे. नेहमीच्या डॉक्टरांकडे मामा आजारी पडल्यावर जातात आणि दुसऱ्यांकडे ठणठणीत असताना. एकदा मी बरोबर होतो. त्या बिचाऱ्यांनी पुढून तपासलं, मागून तपासलं आणि म्हणाले, “आजोबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही.” मामा फी पुढे करत म्हणाले, “ठाऊक आहे. ओळख राहावी म्हणून आलो.”

अशा माणसाला पेन्शनच्या बँकेने क्रेडिट कार्ड दिलं आणि वर सांगितलं, की घरातल्या कुणाच्या नावाने एक जादा कार्डही मिळेल, फुकट. ‘जादा’ म्हटल्यावर मामा हरखलेच. त्यांनी ते आमच्या लेकीच्या, सईच्या नावाने घेतलं. सई तेव्हा ठाण्यालाच डिझाइनच्या कॉलेजात होती, आणि पुढच्या शिक्षणाला अहमदाबादला जायचं, कर्ज काढून जायचं, हे तिचं ठरलेलं होतं. कर्ज म्हटलं की मामांचा चेहरा उतरतो. तरुणपणी त्यांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. बँकेला दोन जामीन हवे होते. मामा नातेवाइकांच्या दारोदार फिरले, प्रत्येक घरी चहा प्यायले आणि सही कुठेच मिळाली नाही. मग कोलशेतच्या एका कारखान्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. हे ते हसत सांगतात, पण चहा अजूनही दुसऱ्याच्या घरी घेत नाहीत. “सईला तिच्या स्वतःच्या नावावर कर्ज मिळालं पाहिजे,” ते मला म्हणाले. “पोरीची पत आत्तापासून तयार करायची, जावईबापू. कार्ड पडून राहता कामा नये.”

मग दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर सईने नौपाड्यात हजर व्हायचं, दोघांनी कोपऱ्यावरच्या फराळाच्या दुकानात जायचं आणि तिच्या कार्डावर पावशेर चिवडा घ्यायचा, असा परिपाठ सुरू झाला. दुकानदार कुरकुरायचा, “काका, पावशेराला कशाला मशीन? रोख द्या ना!” मामा म्हणायचे, “अहो, तुमच्या मशीनलाही सवय राहते.” सई हसून हसून बेजार व्हायची. “मामाआजोबा, तुम्ही ना एकदम कडक आहात,” म्हणायची. बिल मोबाइलवर भरता येतं हे तिने त्यांना अनेकदा दाखवलं. पण बिल निघालं रे निघालं, की मामा दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या दारात, दार उघडायच्या आधी. पैसे भरून शिक्का मारलेली पावती घेतल्याशिवाय ते हलत नसत. पदवी मिळेपर्यंत एक महिना चुकला नाही. चिवडा आमच्याकडे डोंबिवलीला यायचा आणि अजूनही चिवडा म्हटलं की मी बशी शेजाऱ्याकडे सरकवतो.

कर्जाचा अर्ज करायला आम्ही डोंबिवलीच्या शाखेत गेलो. मामा दोन पेनं खिशाला लावून आले होते. काउंटरवरच्या मुलीने सईचं नाव टाकलं, पाहिलं आणि म्हणाली, “हिच्या नावावर काहीच दिसत नाहीये. कोरं आहे.”

“असं कसं? इतकं नियमित वापरलंय कार्ड!” मामांनी कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

“आजोबा, हे ॲड-ऑन कार्ड आहे. खातं तुमचं ना? मग हिने केलेली खरेदी, तुम्ही भरलेलं बिल, सगळं तुमच्या नावावर जमा होतं. तुमचा स्कोअर बघा, एकदम भारी आहे. हिला स्वतःचं कार्ड हवं. छोटी ठेव ठेवली की त्यावर मिळतं. थोडंच वापरायचं आणि वेळेवर पूर्ण भरायचं, मग हिची पत होईल.”

“मी आता या वयात ती पत घेऊन कुठे जाऊ?” मामा म्हणाले. मला हसू आलं होतं, ते तिथेच विरलं. सईचं कर्ज झालं, पण बापाची सही घेऊनच झालं. मी सही करत होतो तेव्हा मामा खिडकीबाहेर रिक्षांची रांग पाहत होते.

सईने तिचं वेगळं कार्ड काढलं, त्या मुलीने सांगितलं तसं वापरायला लागली आणि अहमदाबादला गेली. जाताना तिने जुनं कार्ड मामांच्या हातात दिलं. “हे बंद नका करू हां. पडून पण ठेवू नका.” तेव्हापासून पहिल्या शनिवारी मामा एकटेच दुकानात जातात. खरेदीचा मेसेज मात्र सईच्या मोबाइलवर जातो, कारण नंबर तिचाच दिलेला आहे.

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी तिचा फोन आला. “बाबा, काल चिवड्याचा मेसेज आला नाही. मामाआजोबा फोनपण उचलत नाहीयेत. जाऊन बघा ना, प्लीज.” मी तसाच निघालो. मामा पांघरूण घेऊन पडले होते, अंगात ताप, फोन चार्जिंगअभावी बंद. जादा फोनही बंद, कारण त्याचा वार शुक्रवार. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो, म्हणून दुसऱ्यांना बोलावलं आणि ते ओळखीने लगेच आले.

औषध घेतल्यावर मामांनी विचारलं, “तुम्हाला कळलं कसं?” मी सांगितलं. ते उशीला टेकून बसले. मग म्हणाले, “मेसेज गेला नाही म्हणून तिने फोन केला? तिकडून?” मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. मामांनी डोळे पुसले आणि उठून चपला शोधायला लागले. “कुठे निघालात?” मी ओरडलो.

“कोपऱ्यावर. पोरगी वाट बघत असेल.”

मला त्यांना अडवणं जमलं नाही. हात धरून दुकानापर्यंत नेलं. त्यांनी पावशेर चिवडा घेतला, मशीन वाजलं आणि दुकानदार या वेळी कुरकुरला नाही. आम्ही पायरी उतरतोय तोच माझा फोन वाजला. “बाबा,” सई म्हणाली, “आला.”