वहिनीनं बसवलेली टाकी

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी बुलडाण्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या चाळत उभी होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो बोलला आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. आदल्याच आठवड्यात मी तिला चिखलीच्या दवाखान्यात भेटून आले होते. छातीतला कफ कमी होतोय, असं डॉक्टर म्हणाले होते. नाकाला नळी लावलेली, तरी वहिनीची चौकशी चालूच. "ताई, गाडी कोनी चालू करून पाह्यली काय वं? लय दिवस उभी राह्यली का बॅटरी उतरते तिची." मी म्हटलं, "तू घरी ये अन् तूच चालू कर." ती हसायला गेली आणि खोकल्यानं तिला हसू दिलं नाही... ती आमची शेवटची भेट. आता महिना होत आला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, वसंतदादाची बायको. नाव सुमन. लग्न होऊन उंद्रीला आली तेव्हा आम्ही दोघी एकाच वयाच्या होतो. पण मी नणंद, म्हणून ती मला जन्मभर 'ताई' आणि 'तुमी' म्हणत राहिली, आणि मी तिला पहिल्या दिवसापासून 'तू'. पुढं मी बुलडाण्याला शाळेत शिक्षिका झाले, ती उंद्रीच्या शेतात राहिली. दादाकडं जीपसारख्या तोंडाची एक जुनी पिकअप होती. शेतातली वांगी, टमाटे, सोयाबीनची पोती घेऊन तो चिखलीला जायचा. गावात कुणाचं लग्न निघालं की मंडपाचे बांबूही तीच गाडी वाहायची. वहिनीला गाडी दादानंच शिकवली, पीक निघालेल्या मोकळ्या वावरात. बांधावर उभ्या राहून बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसायच्या. वहिनीही हसायची, पण नजर समोरून हलवायची नाही.

गावाबाहेरच्या पुलापासून आमच्या घराकडं चढ आहे. संध्याकाळी दादा परत येताना तिथं गिअर बदलायचा आणि गाडी मोठ्यानं कण्हायची. तो आवाज स्वयंपाकघरात पोचला की वहिनी चहाचं आधण ठेवायची. दादा हातपाय धुऊन येईपर्यंत कप भरलेला. इतकी वर्षं हे चाललं, की त्यात काही विशेष आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

दादा गेला तो वावरातच, काम करता करता कोसळून. गाडी घरासमोर टिनाच्या छपराखाली उभी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या डिझेलच्या टाकीचा तळ गंजून फुटला आणि होतं नव्हतं ते डिझेल मातीत मुरलं. प्रशांत पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, "आई, आता भंगारात देऊन टाक, तू एकटी तिथं, काय करशील तिचं?" मलाही ते पटत होतं. गावातले सलीम मिस्त्री दादाचे जुने स्नेही. त्यांनीही गाडीखाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. "भाभी, इंजन एकदम मस्त हाय. पन या मॉडेलची टाकी आता कुठंच भेटत नाही."

"गाडी इकाची नाही," वहिनी म्हणाली.

"काऊन पण?" मी विचारलं.

"मले ते एकडाव चालू झालेली पाह्यजे."

टाकी तिनंच शोधली. लोणारकडच्या सुलतानपूरला तिच्या मामेभावाच्या शेजारी अशीच एक पिकअप बंद पडून होती, इंजिन कायमचं गेलेलं. मला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मीही तिच्यासोबत एसटीनं गेले. दोन दिवस मामेभावाकडं राहून तिनं ती टाकी सोड्याच्या पाण्यानं आतून खळखळून धुतली, उन्हात वाळवली आणि माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. परतीच्या गाडीत कंडक्टरनं अडवलंच. "मावशी, डिझेलची टाकी एसटीत चालत नाही. उतरवा खाली."

"रिकामी हाय भाऊ. तुले खोटं वाटत असन तं हुंगून पाय!" आणि तिनं खरोखरच टाकीचं तोंड त्याच्या नाकाशी नेलं. अर्धी एसटी हसली. कंडक्टर बिचारा हुंगून मागं सरकला आणि म्हणाला, "बसा, मागच्या सीटवर बसा." मेहकरला चढलेल्या एका बाईनं लुगड्यातलं ते धूड पाहून विचारलं, "ढोल हाय काय वं माय?" वहिनी म्हणाली, "हाव, घरी जाऊन वाजवाचा हाय." आणि चिखली येईस्तोवर ती खिडकीबाहेर पाहत गालातल्या गालात हसत राहिली. दादा गेल्यानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सलीमभाईंची कंबर धरलेली. त्यांना गाडीखाली झोपता येईना. ते बाजेवर बसून सांगायचे आणि आम्ही दोघी, पन्नाशी ओलांडलेल्या बाया, ताडपत्री अंथरून खाली शिरलो. टाकी लोखंडी पट्ट्यांनी धरलेली असते. त्या पट्ट्यांचे बोल्ट गंजानं एकजीव झालेले. वहिनीनं आदल्या दिवसापासून त्यांच्यावर रॉकेल सोडून ठेवलं होतं, तरी पान्याला लोंबकळावं लागलं. जुनी टाकी निघाली तेव्हा गंजाची भुकटी आमच्या डोळ्यातोंडात गेली. नवी टाकी जॅकवर फळी ठेवून, तिच्यावर हळूहळू वर चढवली. पट्ट्यांखाली ट्यूबच्या रबराचे तुकडे घातले, नाहीतर पत्रा पट्ट्यांना घासून पुन्हा फुटतो. सगळं जुळलं, पण डिझेल भरायचं तोंड जुन्या जागेपासून हातभर बाजूला आलं. मी म्हटलं, "झालं, ही काही बसत नाही." वहिनी खालूनच म्हणाली, "सुनेसारखं हाय ताई. थोडं आपुन सरका लागते, थोडं तिनं." सलीमभाईंनी लांब नळी शोधून आणली आणि तोंड जोडलं.

बॅटरी चार्ज करून आणली होती, डिझेल ओतलं, पण इंजिन धरेना. नळीत हवा अडकली होती. ती काढायला एक छोटा पंप असतो, अंगठ्यानं दाबत राहायचा. वहिनी दाबत राहिली. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग पुन्हा फेस... तिचा अंगठा लाल झाला. मी म्हटलं, "दे इकडं," तर तिनं हात हलवला नाही. शेवटी स्वच्छ धार आली. तिनं वर जाऊन किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि काळा धूर सोडून धडधडायला लागली.

मला वाटलं, आता ही गावाला एक चक्कर मारणार. पण वहिनी खाली उतरली. "सलीमभाऊ, पुलापलीकडं न्या अन् तिथून घरी घेऊन या."

"भाभी, तुमीच चालवा ना. मेहनत तुमची हाय."

"नाही, तुमीच आना. चढावर गिअर टाका, जसा ते टाकत जाय तसा."

सलीमभाई कंबर सावरत गाडीत चढले. गाडी गेली. वहिनी मोरीत हात घासत बसली. काळं तेल काही निघालं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहिली, भिंतीकडं तोंड करून. मी तिच्या मागं. पुलाच्या बाजूनं ते कण्हणं ऐकू आलं. तिनं आधण ठेवलं. आवाज चढ चढून अंगणात आला, थांबला. गाडीचं दार आपटलं. त्या क्षणी आम्ही दोघींनी एकदमच दाराकडं पाहिलं. दारात कमरेवर हात ठेवून सलीमभाई उभे होते.

वहिनीनं त्यांना कप दिला. ते चहा घेऊन गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली आणि रडली. दादाच्या मातीलाही ती अशी रडली नव्हती. "ताई, साल झालं, सांज झाली का कान तिकडंच लागते. आवाजच नाही येत. मले वाटे, एकडाव आयकलं का मन मानन."

"मानलं काय?"

"नाही वं." तिनं तोंड पुसलं. गालावर तेलाचा पट्टा उमटला. "पन आयकलं."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गाडी घेऊन चिखलीला गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं जात राहिली, भाजी घेऊन, कधी गावातल्या अडलेल्या बाईला दवाखान्यात घेऊन. एकदा मला शेजारी बसवून शेगावलाही नेलं. बुलडाण्याला आली की बेल कधी वाजवायची नाही, गेटापाशी लांबलचक हॉर्न द्यायची. "ताई, वांगे आनले, भायेर या!" शेजारी कुरकुरायचे. आता रस्त्यावर कुणीही तसा हॉर्न दिला की मी हातातलं काम टाकून उठते, आणि उठल्यावर आठवतं...

तेरवीच्या आदल्या दिवशी मंडपासाठी अंगण मोकळं करायचं होतं. प्रशांत गाडी काढायला चढला. वहिनी ठेंगणी. पाय पोचावेत म्हणून तिनं जुन्या गादीचा एक तुकडा परकराच्या नाडीनं सीटच्या पाठीला बांधला होता. प्रशांत सहा फुटी. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले, छाती चाकाला भिडली. मी बाहेरून म्हटलं, "ते सोडून ठेव बाबू, नीट बस." त्याचा हात मागं नाडीपाशी गेला. त्यानं तो परत चाकावर ठेवला. मग गुडघे दुमडून, तसाच आखडून, त्यानं गाडी चिंचेच्या सावलीत नेऊन लावली. उतरण्याआधी तो मागं वळला, आणि नाडीची सैल झालेली गाठ त्यानं पुन्हा घट्ट बांधली.