पाऊण तास

आमच्या दवाखान्यात जनावरं धरायचं काम करणाऱ्या काकांना सगळे पक्कड म्हणतात. बावीस वर्षांत त्यांनी कुत्री, मांजरं, शेळ्या आणि एकदा एक महाचिडकं बदक धरलं आहे. सुया मी टोचते, चावे ते खातात. एकदा सुई घेतलेलं कुत्रं पुढच्या वेळी दाराच्या पायरीवरच बूड टेकतं आणि जागचं हलत नाही. अशाला काका उचलतात आणि पाठमोरं आत आणतात; त्याला टेबल दिसेपर्यंत काम उरकलेलं असतं.

"त्याला मागची सुई आठवते," काका म्हणायचे.

"आठवत नाही हो. वास आला की भीती वाटते, एवढंच. काय घडलं, कधी घडलं, हे आपल्यासारखं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही." मला शिकवायची भारी हौस. कोणी विचारलेलं असो नसो.

चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या. दुपारी स्वयंपाकघरात कोसळल्या. घरात फक्त कुत्रा होता. त्याचं नाव साहेब, कारण काकांच्या आधी त्याचं ताट वाढलं जाई. काका तेव्हा दोन गल्ल्या सोडून माझ्या टेबलापाशी एका मांजराचे पाय धरून उभे होते. ते घरी पोचले संध्याकाळी. "एका क्षणात गेल्या, त्यांना कळलंही नसेल," असं तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले. काका हे वाक्य भेटायला येईल त्याला सांगत, एक शब्दही न बदलता. त्या वाक्यावरच ते तग धरून होते, हे मला दिसत होतं. पाचव्या दिवशी कामावर आले. रडले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आत काही हलतच नाही, मॅडम. दात काढायला भूल देतात ना, तसं झालंय."

गेल्या आठवड्यात चहा पिताना त्यांनी विचारलं, "साहेबाला तो दिवस आठवत असेल का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड! मी कुत्र्यांवरच्या एका प्रयोगाबद्दल सांगत सुटले. माणूस करेल त्याची नक्कल करायला कुत्र्यांना आधी शिकवलं. मग एकदा माणसाने त्यांच्यासमोर काहीतरी केलं आणि, आपल्याला हे विचारणार आहेत याची त्यांना कल्पनाही नसताना, थोड्या वेळाने अचानक नक्कल करायची आज्ञा दिली. तरी बऱ्याच कुत्र्यांनी पाहिलेलं करून दाखवलं.

"म्हणजे आठवतं."

"तासाभरातच ते पुसट व्हायला लागतं, काका. इथे तर चार महिने झाले."

"पण करून दाखवतात," ते म्हणाले आणि कप विसळायला गेले.

सोमवारी त्यांनी सुट्टी घेतली. मंगळवारी वेळेवर आले. मी एका थोराड कुत्र्याची नखं कापत होते, काकांनी त्याला धरलं होतं, आणि तसंच धरून ते सांगायला लागले. बसची वेळ सांगावी तसा आवाज.

"काल दुपारी, ती पडली होती तिथे जाऊन पडलो. ओट्याखाली, कुशीवर. साहेब आला, हुंगलं. मग माझ्या पोटाला पाठ लावून निजला आणि डोकं हाताखाली घातलं. मी हात हलवला नाही, तर नाकाने ढकलला. परत ढकलला. म्हणून थोपटलं. थांबलो की ढकलायचा. असं पाऊण तास चाललं. मग आपणहून उठला आणि दारात जाऊन बसला. हाक मारली, तर वळूनही बघितलं नाही."

"तुमच्याजवळ असाच निजत असेल की तो."

"माझ्याजवळ कध्धीच नाही. तिचा कुत्रा तो."

मग मी बोलत राहिले. जागेचा वास, सवय, शिवाय माणूस जमिनीवर आडवा झाला की कुत्रं जवळ येतंच. चार महिन्यांपूर्वीचा पाऊण तास मोजायला त्याच्याकडे घड्याळ नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मी फार भराभर बोलत होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"असेलही," ते म्हणाले. "पण ती पाऊण तास जिवंत होती, मॅडम. इथून घर सात मिनिटांवर आहे."

मला फार वाईट वाटलं. प्रयोगाचं उगाच सांगितलं, चुकले, असंही मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि कुत्र्याचा दुसरा पंजा माझ्यापुढे धरला.